मत्तय सहा आणि शून्य टक्के व्याज

अचलपूर-परतवाड्याच्या कडेची वावरं एनए झाली, त्यांवर लेआउट पडले आणि दसरा-दिवाळीला शून्य टक्के व्याजावर फ्रिज-टीव्ही उतरू लागले. अशा लेआउटात शोधलं तर एक ख्रिस्ती सर हमखास सापडतात. मिशनच्या शाळेतून निवृत्त. दोन सदरे, एक सायकल आणि पुठ्ठा अनेकदा बदललेलं 'उपासना संगीत'. आजोबा 1899-1900 च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेले, त्यामुळे ताटात शीत टाकलेलं सरांना खपत नाही. सरांच्या पत्नी, म्हणजे बाई, कोठाऱ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयातून निवृत्त झालेल्या नर्स.

बाईंच्या आग्रहाखातर सर एकदा फ्रिज बघायला गेले. दुकानातला पोरगा म्हणाला, "सर, बॉडीले दहा वर्षं जंग नाई लागत." सरांचा चेहरा खुलला. "मत्तयाचा सहावा अध्याय वाचला का बाप्पा?" मग पृथ्वीवरची संपत्ती, जंग, कसर आणि चोर यांवर अर्धा तास प्रवचन. पोरानं शांतपणे ऐकून घेतलं. "चोराचं टेन्शन नका घेऊ सर, लॉक हाये. अन् कसर लोकरीले लागते, फ्रिजले काहून लागन?" सर फ्रिज न घेता परतले, पोराला मात्र नाताळच्या करंज्यांचं आमंत्रण मिळालं.

फ्रिज नाही म्हणून सरांचं काही अडत नाही. दूध शेजारच्या काकूंच्या फ्रिजात राहतं, चादरी समोरच्यांच्या मशीनमध्ये धुतल्या जातात आणि क्रिकेट कोपऱ्यावरच्या घरी दिसतं. "सरांचा साधेपणा आमच्या लाइटबिलावर चालते," असं काकू म्हणतात. पण शिडी साऱ्या लेआउटात एकच, ती सरांची. पहार, घमेलं आणि पन्नास माणसांच्या भाजीचा गंजही त्यांचाच. कोण काय घेऊन गेलं ते वहीत लिहिलेलं असतं. परत कधी आणलं, हा रकाना सरांनी आखलेलाच नाही. पहिल्या मंडळीत सगळ्यांचं सगळं सामायिक होतं, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. लेआउटवाल्यांनी ते पुस्तक उघडलेलं नाही, तरी निम्मं पाळतात.

सरांचं दैवत म्हणजे रेव्हरंड टिळक. 1917 साली मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, हे सर कुठल्याही विषयावरून दोन मिनिटांत गाठतात. बाईंनी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचलेली आहेत. "टिळक व्हाले सगळे तयार असतात," त्या म्हणतात, "लक्ष्मीबाई कोणी व्हावं ते सांगा!" या वादाचा निकाल त्यांनी स्वतःपुरता लावला आहे. पेन्शनमधून हप्त्यावर घेतलेला त्यांचा मिक्सर काकूंच्या ओट्यावर असतो. रोज सकाळी "काकूकडून येते" म्हणून त्या वाटीभर खोबरं नेतात आणि चटणी आणतात. "पाट्यावरच्या चटणीची सर मिक्सरला नाही," असं सर दोन पोळ्या जास्त खाऊन सांगतात.

हंगामाच्या सणाला मात्र हे सर ओळखू येत नाहीत. एरवी कोथिंबिरीच्या जुडीसाठी सारा बाजार पालथा घालणारा माणूस. पण चर्चमध्ये वेदीपुढे संत्री, तूर, कपाशी, वांगी मांडून लिलाव सुरू झाला, की सरांच्या अंगात येतं. देवाच्या कामाचा पैसा, तिथे घासाघीस कसली! गेल्या सणाला एक भरताचं वांगं त्यांनी पाचशेला सोडवलं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणलं.

"अहो, तेवढ्यात मिक्सरचा हप्ता निघाला असता!" बाई बोलून गेल्या.

"कोणाच्या मिक्सरचा?"

"...काकूंच्या."

सर हळहळले. त्या रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत त्यांनी डोळे मिटून, हप्त्याच्या पाशात सापडलेल्या शेजारणीला प्रभूनं लवकर मोकळं करावं, अशी कळकळीची विनंती केली. बाईंचं "आमेन" काकूंच्या घरापर्यंत ऐकू गेलं.