कोणाच्या दारात बसावे?

दुसऱ्यांच्या पैशाची मोजदाद करण्यात ज्याची उभी हयात कोषागाराच्या लोखंडी गजांआड गेली, अशा मनुष्यास निवृत्तीनंतर घरची मंडळी अर्थशास्त्रज्ञ समजू लागतात. आणि हा समज खोडून काढण्यात त्याचे स्वतःचे काहीच हित नसल्यामुळे तो सहसा खोडला जात नाही. चिपळूणजवळच्या आमच्या मूळ घरी माझ्या वहिनी आमसुले, आगळ, फणसपोळी आणि कुळथाचे पीठ असे जे जिन्नस आजवर केवळ गणगोतासाठी आणि गणगोताच्या ओळखीच्यांसाठी करीत आल्या, ते अखिल भरतखंडास उपलब्ध व्हावेत या उदात्त हेतूने माझ्या पुतणीने संगणकावर एक दुकान उभे केले. दुकान देखणे होते. फणसपोळीचे छायाचित्र तर इतके मोहक उतरले होते की प्रत्यक्ष फणसपोळी त्यापुढे किंचित ओशाळली असती. गिऱ्हाइकाचा पैसा वहिनींच्या खात्यात कोणत्या मार्गाने यावा, एवढा एकच क्षुद्र प्रश्न काय तो शिल्लक होता, आणि "काका, तुम्ही ट्रेझरीत होतात, तेव्हा पेमेंट गेटवे तुम्हीच ठरवा," असे म्हणून पुतणीने तो माझ्या स्वाधीन केला.

ज्याला ही मंडळी गेटवे म्हणतात तो वेशीवरचा जकातनाका समजावा. फरक इतकाच की येथे जकात मालावर बसत नाही, मालाच्या मोबदल्यावर बसते. गिऱ्हाइकाने पडद्यावरील कळीवर बोट ठेवले की त्याची आज्ञा प्रथम या मध्यस्थाकडे आणि तेथून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रूपे यांच्या जाळ्यातून त्याच्या स्वतःच्या बँकेकडे जाते. ती बँक त्याच्या मोबाइलवर ओटीपी धाडून 'हा तूच काय?' अशी पृच्छा करते. त्याने तो अंक भरला की होकार आल्या वाटेने परत फिरतो. आणि इतके सारे दोन-चार श्वासांत उरकल्यावर पैसा मात्र, जणू काही प्रवासाने शिणून गेल्याप्रमाणे, मध्यस्थाच्या एस्क्रो खात्यात मुक्काम ठोकतो आणि बहुधा कामकाजाचे दोन दिवस लोटल्यावर दुकानदाराच्या खाती रुजू होतो. हा मुक्काम कोठे असावा याविषयी रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी फर्मान काढलेले आहे. व्यापाऱ्यांचा पैसा मध्यस्थाने आपल्या पैशात मिसळू नये, तो अनुसूचित बँकेतील वेगळ्या खात्यात ठेवावा, आणि परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या कंपनीची निव्वळ मत्ता निदान १५ कोटींची असावी व तिसऱ्या वर्षाअखेर ती २५ कोटींवर जावी, असे त्यात नमूद आहे. हे वाचून मला पुष्कळच दिलासा मिळाला. वहिनींना तो मिळाला नाही. "पंचवीस कोटी जवळ असताना यांना माझ्या फणसपोळीतले पैसे कशाला हवेत?" असे त्यांनी विचारले, आणि कोषागारातील माझा सारा अनुभव पणाला लावूनही मला त्याचे समाधानकारक उत्तर सुचले नाही.

दरांचे म्हणाल, तर त्यांच्या तुलनेत मी एक संपूर्ण आठवडा घालवला आणि कोषागाराच्या शिस्तीने कोष्टकही आखले; परंतु त्या कोष्टकाचे बहुतेक रकाने एकमेकांची नक्कल करू लागल्यामुळे मला ते अर्ध्यावर सोडावे लागले. जो तो दोन टक्के मागत होता. त्या दोन टक्क्यांवर पुन्हा अठरा टक्के जीएसटी. म्हणजे पाचशे रुपयांच्या मागणीमागे अकरा रुपये ऐंशी पैसे वेशीवर गळून पडावयाचे आणि चारशे अठ्ठ्याऐंशी रुपये वीस पैसे घरी पोहोचावयाचे. यूपीआय आणि रूपे डेबिट कार्ड यांच्यावर व्यापाऱ्याकडून शुल्क घेऊ नये असा दंडक शासनाने १ जानेवारी २०२० पासून घातला खरा. पण शून्यावर कोणाचाच संसार चालत नसल्यामुळे काही मध्यस्थांनी त्याच जागी 'प्लॅटफॉर्म शुल्क' या नावाचे नवे देवस्थान स्थापन केले आहे. पेशवाईत पुण्याहून काशीस पैसा पाठवणाराही सावकाराला हुंडणावळ मोजतच होता. तेव्हा या दोन टक्क्यांचा ज्यांना संताप येतो, त्यांनी तो इतिहासाच्या खाती जमा करावा हे उत्तम.

निवड आपण करतो, ही समजूत मात्र अर्ज भरावयास बसेपर्यंतच टिकते. खरे पाहता निवडले जायचे असते ते आपणच. पॅनकार्डावर वहिनींचे नाव, मधोमध आमच्या बंधूंचे पूर्ण नाव आणि शेवटी आडनाव असे ऐसपैस पसरलेले. बँकेच्या पासबुकात बंधूंचे केवळ आद्याक्षर उरलेले. त्यामुळे ज्या बाईंना अवघा गाव गेली चाळीस वर्षे ओळखतो, त्या दोन निरनिराळ्या स्त्रिया नसून एकच आहेत, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आम्हां अर्जदारांवर येऊन पडली. नंतर मागणी आली रद्द केलेल्या धनादेशाची. धडधाकट धनादेशावर आपल्या हाताने 'रद्द' असे लिहिणे वहिनींना अशुभ वाटले, आणि दुकानाचा आरंभच त्या शब्दाने करण्यास त्यांनी साफ नकार दिला. शेवटी तो शब्द मी लिहिला, कारण सरकारी नोकरीत याहून पुष्कळ अशुभ शेरे मी निर्विकार मनाने मारलेले आहेत. अन्नपदार्थ म्हणून एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक लागला, लघुउद्योग म्हणून उद्यमचा दाखला लागला, आणि सर्वांवर कडी म्हणजे व्यवसायाच्या जागेचे, पाटीसकट, छायाचित्र लागले. आमच्या व्यवसायाची जागा म्हणजे मागील पडवी. तेथे पाटी कधीच नव्हती, कारण पडवीत येणाऱ्या प्रत्येकाला आपण कोठे आलो हे ठाऊक असते. पुतणीने पुठ्ठ्यावर नाव रंगवून ते खुंटीला अडकवले आणि छायाचित्र घेतले. त्यात पाटी, सुपात वाळणारी आमसुले, आणि वर्णन करताना ज्याचा उल्लेख अर्जात कोठेच करता आला नाही असा झोपलेला कुत्रा, एवढा ऐवज आला.

यानंतर धोरणे. दुकानाने गोपनीयतेचे, माल पाठवण्याचे आणि पैसे परत करण्याचे धोरण लिखित स्वरूपात प्रसिद्ध केल्यावाचून मध्यस्थ त्यास दारात उभे करीत नाही. गोपनीयतेविषयी वहिनींचे मत एका वाक्यात आटोपले: कोण किती आमसुले नेतो हे त्या कोणाला सांगत नाहीत, एक धाकट्या जाऊबाई सोडल्यास. परताव्याचे कलम मात्र दोन दिवस अडून राहिले. "खाल्लेली फणसपोळी परत कशी घेणार, आणि न खाल्लेली परत कोण करणार?" हा त्यांचा युक्तिवाद कोणत्याही न्यायासनासमोर टिकला असता, परंतु पुतणीने आणलेल्या नमुना-मसुद्यात त्याला जागा नव्हती. त्यांचे स्वतःचे धोरण, पसंत न पडल्यास कळवावे, पुढच्या हंगामात दुसरी पाठवू, असे होते. पैसे परत केले तरी मध्यस्थाने कापलेले शुल्क बहुधा परत येत नाही, हे मी त्यांच्या कानावर घातले नाही. काही गोष्टी हिशेबनिसाने स्वतःपाशी ठेवाव्यात.

परंतु हा सर्व कारभार ज्या प्रश्नाने एका क्षणात ताळ्यावर आला, तो प्रश्न वहिनींचाच. पोस्टखात्याने १८७७ सालापासून चालवलेली व्ही.पी.पी. त्यांच्या सासऱ्यांच्या चांगल्या परिचयाची होती. पोस्टमनने पुडके द्यावे, किंमत घ्यावी आणि पोस्टाने ती आपल्याकडे पोचती करावी, आणि पैसे अडलेच तर पोस्टमास्तरांच्या ओसरीवर जाऊन बसावे. माझे अर्धेमुर्धे कोष्टक बाजूला सारून त्या म्हणाल्या, "भावोजी, हे सगळं ठीक आहे. पण पैसे अडले, तर जाऊन बसायचं कोणाच्या दारात?"

मी प्रथम हसलो. पण जसजसा विचार करू लागलो तसतसा हा प्रश्न मला रिझर्व्ह बँकेच्या फर्मानाइतकाच भारदस्त वाटू लागला. मराठी अमदानीत धनको ऋणकोच्या दारात धरणे धरून बसे, आणि तो उपाशी असेतोवर घरातल्या ऋणकोलाही घास घेता येत नसे. वसुलीची ही रीत क्रूर म्हणावी लागेल, पण तिच्यात निदान दार कोणते याविषयी संदेह नव्हता. दर सर्वांचे सारखे, मुदत सर्वांची सारखी, तेव्हा एकास दुसऱ्याहून वेगळे करणारी गोष्ट म्हणजे संकटसमयी सापडणारा मनुष्य, हीच होय. त्या दृष्टीने पाहू गेलो, तर हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे प्रत्येक कंपनीने पहिल्याच पानावर लावलेली आढळली. दूरध्वनी क्रमांक मात्र तळघरात ठेवावा तसा खालच्या खाली ठेवलेला. परंतु फर्मानकर्त्यांना वहिनींची काळजी असावी. तक्रारींसाठी प्रत्येक मध्यस्थाने नोडल अधिकारी नेमावा आणि त्याचा तपशील ठळकपणे प्रसिद्ध करावा, असे कलम त्यांनी घालून ठेवलेले आहे. ते कलम वाचून दाखवताच वहिनींनी निवडीची सूत्रे आपल्या हाती घेतली.

त्यांची कसोटी एकच: तो अधिकारी बसतो कोठे? रेझरपे आणि कॅशफ्री बेंगळुरूच्या निघाल्या, पेयू गुरुग्रामची. त्यांच्या गुणदोषांची चर्चाच झाली नाही. इतक्या दूर बसायला जायचे तर उतरायचे कोणाकडे, एवढ्यावर त्या बाद ठरल्या. मुंबईची एक कंपनी निघाली तेव्हा वहिनींची मुद्रा उजळली. मांडवी एक्स्प्रेस चिपळूणला थांबते, दादरला थांबते, दादरला धाकटी बहीण असते, आणि रिझर्व्ह बँकही त्याच शहरात असल्याने दोन्ही ठिकाणची बसाबस एकाच फेरीत उरकण्यासारखी होती. ठराव एकमताने संमत झाला. माझ्या कोष्टकाला त्यात स्थान मिळाले नाही, पण त्याच्या पाठकोऱ्या कागदावर पुतणीने पत्ता उतरवून घेतला.

परवानगी आली, दुकान उघडले, मागण्याही हळूहळू येऊ लागल्या. पैसे अद्याप कोठेही अडलेले नाहीत. तथापि पुढेमागे जावे लागले तर तोंडओळख असावी, एवढ्या दूरदृष्टीने वहिनींनी फणसपोळीचे एक पुडके स्पीड पोस्टाने त्या नोडल अधिकाऱ्यांच्या नावे रवाना केले आणि सोबत, आपले पैसे नीट पोहोचतात, घरी सर्व कुशल आहे, ही वानगी गोड मानून घ्यावी, अशी चिठ्ठी घातली. आठवडाभराने पुतणीच्या मोबाइलवर उत्तर अवतरले: आपली तक्रार आम्हांस प्राप्त झाली असून ती नोंदवून घेण्यात आली आहे, व कामकाजाच्या तीन दिवसांत तिचा निकाल लावण्यात येईल.

वहिनींनी ते दोनदा वाचून घेतले. "तीन दिवसांत निकाल लावणार म्हणतात," त्या म्हणाल्या, "म्हणजे आवडलेली दिसते."