एक चौरस मीटर

आमच्या गल्लीत त्याला 'पर्यावरण' म्हणतात. शब्द नपुंसकलिंगी, त्यामुळं बोलणंही तसंच होतं. "पर्यावरण आलं बघा, नळाखालची बादली उचला." "पर्यावरण जेवलं का?" खुद्द आईसुद्धा चिडली की "कुठं उलथलंय ते पर्यावरण?" असंच विचारते. बी.एस्सी. होईपर्यंत तो चारचौघांसारखा होता. मग कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात दोन वर्षं, चार सेमिस्टर काढून पर्यावरणशास्त्राचा एम.एस्सी. झाला आणि निपाणीला परतला तो मोजतच.

काय मोजतो? जे हाताला लागेल ते. गुरुवारच्या आरतीचे डेसिबल, ओढ्याच्या पाण्यातला ऑक्सिजन, हायवेकडेच्या वडांचा घेर. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा असा नियम आहे आणि ही छाती शास्त्रानं ठरवलेली, जमिनीपासून १.३७ मीटरवर. आमच्या पर्यावरणाची उंची बेताची, त्यामुळं शास्त्राची छाती त्याच्या खांद्याला येते. म्हणून झाडापाशी गेला की तो आधी खांदा खोडाला लावतो, डोकं टेकतो आणि मग टेप गुंडाळतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं प्रेमभंगात आहे.

असे पर्यावरण आता आमच्या भागात गावाला एकदोन निघतात. ओळखायची खूण सोपी. पाठीवर सॅक असते, सॅकमध्ये पाण्याची भरलेली बाटली असते आणि कितीही तहान लागली तरी तिच्यातलं पाणी तो पीत नाही.

त्याचं सगळं शिक्षणच हद्दीवर झालंय. पहिली पदवी देवचंद कॉलेजची. निपाणीच्या पोरांसाठी १९६० साली निघालेलं हे कॉलेज उभं आहे अर्जुननगरात, म्हणजे तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. घर कर्नाटकात, वर्ग महाराष्ट्रात आणि सायकल दोन्हींकडं पंक्चर होणारी. घरून डबा विसरला तर तो परराज्यात पोचवावा लागायचा.

आई विड्या वळते. निपाणी तंबाखूची, पान मात्र जंगलातनं येतं, लांब गोंदिया-चंद्रपूरकडनं. पान भिजवायचं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर जर्दा घालायचा, वळायचं, दोरा बांधायचा. पहिल्या सेमिस्टरच्या सुट्टीत आला तेव्हा तो तिच्या सुपापुढं उकिडवा बसला आणि एक पान उचलून म्हणाला, "आई, हे डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन."

"असू दे," आई म्हणाली. "ओलं हाय का बघ."

एवढ्यावर थांबेल तो पर्यावरण कसला! तेंदूपान हे गौण वनोपज कसं, पान चांगलं फुटावं म्हणून जंगलात आगी कशा लावतात, त्यानं कोवळी रोपं कशी जळतात, हे त्यानं तिला तासभर सांगितलं. तिनं तेवढ्या वेळात शंभरावर विड्या वळल्या. शेवटी म्हणाली, "तुझी फी ह्याच पानातनं गेली रं बाबा." त्या दिवसापासनं तेंदू हा विषय घरात बंद आहे.

पदवीच्या प्रबंधासाठी त्यानं वेदगंगेचं पाणी घेतलं. यमगर्णीच्या पुलाखाली, जिथं २०१९च्या महापुरात हायवे बुडाला होता, तिथं बाटल्या मांडून बसायचा. पाण्यातला ऑक्सिजन तपासायची रीत अशी. बाटली बुडबुडा न येऊ देता तोंडोतोंड भरायची. तिच्यात आधी मॅंगनीज सल्फेट सोडायचं, मग अल्कली आयोडाइड. पाण्यात ऑक्सिजन असला तर तपकिरी साका बसतो, नसला तर पांढरा. मग आम्ल, मग स्टार्च. पाणी निळंशार होतं. त्यात एकेक थेंब मोजत दुसरं द्रावण टाकायचं आणि निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होईल तो थेंब धरायचा. हे सगळं तो ओठ हलवत, आकडे पुटपुटत करायचा. धुणं धुवायला आलेल्या बाया लांब सरकल्या. एका म्हाताऱ्यानं जवळ येऊन हळूच विचारलं, "कुणावर करायलास? आणि लिंबू कुठाय?"

उरलेल्या बाटल्या तो आइस्क्रीमवाल्याच्या जुन्या थर्माकोलच्या पेटीत घालून एसटीनं कोल्हापूरला न्यायचा. एकदा शेजारी बसलेल्या गृहस्थानं चौकशी केली.

"काय हाय?"

"पाणी."

"कुठलं?"

"वेदगंगेचं."

गृहस्थ अभिमानी निघाले. "आमचं पाणी महाराष्ट्रात न्यायलास?"

"ते तिकडनंच आलंय, मामा. भुदरगडातनं. मी फक्त वापरलेलं परत करायला चाललोय."

मामांनी पेटीसाठी पाय आखडून घेतले, पण खिडकी उघडली.

पदवी मिळाली आणि खरा सर्व्हे सुरू झाला, नोकरीचा. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ज्या ८६५ गावांवर दावा सांगितलाय, तिथल्या मराठी उमेदवारांना तिकडच्या नोकरीला अर्ज करता येतो. मात्र पंधरा वर्षं तिथं राहत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे २००४पासून सुप्रीम कोर्टात जी गावं आपलीच म्हणून दावा चालू आहे, त्यातल्या पोरानं आपण त्या गावचे आहोत हे आधी सिद्ध करायचं. पर्यावरणानं दाखला काढला. वनसेवेसाठी चार तासांत पंचवीस किलोमीटर चालावं लागतं म्हणून पहाटे चाराला उठून चालायला लागला. यमगर्णी, सौंदलगा, कोगनोळी, मग दूधगंगा ओलांडली की महाराष्ट्र, कागलच्या पुढं कुठंतरी पंचवीस पुरे. महिनाभर हे पोरगं रोज पायी परराज्यात जायचं आणि एसटीनं स्वराज्यात यायचं. चालणं तीन तास पन्नास मिनिटांवर आणलं. लेखी परीक्षेत मात्र पहिल्याच किलोमीटरला दम लागला.

मग कर्नाटक. इकडं कन्नड पाहिजे. ते त्याला येतं, पण झाडांपुरतं. त्याच्या वहीत प्रत्येक झाडापुढं तीन रकाने आहेत: लॅटिन, मराठी, कन्नड. वड म्हणजे आल, कडुलिंब म्हणजे बेवू, चिंच म्हणजे हुणसे. नामं भरपूर, क्रियापद एकही नाही. एका कचेरीत साहेबांपुढं उभा राहून त्यानं खिडकीबाहेर बोटं दाखवत पाचसहा झाडं म्हणून दाखवली. साहेब खूश झाले, चहा पाजला आणि जागा नाही असं अस्खलित मराठीत सांगितलं. बेळगावजवळ भूतरामनहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठही आहे आणि प्राणिसंग्रहालयही. तिकडं गेला होता तेव्हा आईनं विचारलं, "काम झालं का?" म्हणाला, "विद्यापीठात नाही झालं. दुसरीकडं अस्वल बघून आलो."

लग्नाच्या बाजारात तर या पदवीला खिडकीच नाही. मुलीच्या मामांनी विचारलं, "एम.एस्सी. ॲग्री का?" नाही. "फॉरेस्टात चिकटलाय का?" नाही. "मग झाडं लावतो का?" पर्यावरण खरं बोलणारा. म्हणाला, "नाही, मोजतो." मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

ते 'मोजतो' त्याला पुढं चांगलंच भोवलं. दहावीच्या शिकवण्यांवर भागेना म्हणून त्यानं एका रस्त्याच्या रुंदीकरणाच्या सर्वेक्षणाचं काम घेतलं. पंधरा दिवस उन्हात हिंडून झाड न् झाड नोंदलं. जात, घेर, उंची, कुणाच्या ढोलीत पोपट, कुणावर मधमाश्यांचं पोळं. मागनं एक माणूस रंगाचा डबा घेऊन खोडावर आकडे टाकत आला. पर्यावरणाला वाटलं, ही नोंद झाडं वाचवायला. दोन महिन्यांनी आकडे पडलेलं प्रत्येक झाड आडवं झालं, अगदी क्रमानं. एकही चुकलं नाही, इतकी यादी बिनचूक. तेव्हापासून लोक त्याला दारातल्या झाडाजवळ उभं राहू देत नाहीत. आमच्या घरामागच्या फणसाखाली तो मोबाइलवर बोलत थांबला तर माझी आजी काठी घेऊन बाहेर आली. "त्याला हात लावू नगंस, सांगून ठेवते. फळ धरलंय त्यानं."

म्हणून मग तो झाडं सोडून गवताकडं वळला. गवत मोजायला चौकट लागते, एक मीटर लांब, एक मीटर रुंद. जमिनीवर ठेवायची आणि आत जे जे उगवलंय ते काडी न् काडी लिहायचं. शिवारात सगळीकडं ऊस आणि तंबाखू, रानगवत उरलंय फक्त बांधांवर. त्यानं अर्जुननगरच्या पलीकडचा एक बांध निवडला, चार खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि पालथा पडून लिहायला लागला.

बांधावर खुंटी आणि हातात वही, हे दृश्य शेतकऱ्याला एकच गोष्ट सांगतं: मोजणी आली. दोन्हीकडनं दोन भाऊ धावत आले. थोरल्याची जमीन महाराष्ट्रात, त्याचा सातबारा मराठी. धाकट्याची कर्नाटकात, त्याचा उतारा कन्नड. मधला बांध दोघांनीही दरसाल नांगराच्या फाळाएवढा कोरत आणलेला, आणि त्यावरनं वीस वर्षं बोलणं बंद.

"कुणी पाठिवलं? तलाठ्यानं?" थोरला ओरडला.

"ह्यानंच पैसं चारलं असतील," धाकटा.

"गवत मोजतोय," पर्यावरण पडल्या पडल्या म्हणाला.

दोघंही गप्प झाले. या बांधापायी त्यांनी वकील केले होते, डोकी फोडून घेतली होती. बांधावर काय उगवतं हे मात्र कुणी त्यांना विचारलं नव्हतं. थोरला उकिडवा बसला. "ही हरळी." धाकटा पलीकडनं वाकला. "ह्यो लव्हाळा." पर्यावरण लिहीत होता. मग एका पातीवर अडलं. थोरला म्हणाला कुंदा, धाकटा म्हणाला न्हाई. पर्यावरणानं पात सोलून, भिंगातनं बघून निकाल दिला, "कुंदाच." थोरल्याला वीस वर्षांत पहिला दावा जिंकल्याचा आनंद झाला. धाकटा म्हणाला, "आमच्याकडं कुंदा म्हणजे बेळगावचा, खव्याचा." आणि दोघंही चुकून हसले.

गाजरगवतानं म्हणजे काँग्रेस गवतानं दोन्ही राज्यांत स्पष्ट बहुमत मिळवलं होतं. बाकी अकरा जाती निघाल्या. वही मिटताना थोरल्यानं मुद्द्याचं विचारलं, "मग मास्तर, आमची हद्द कुठनं जाती?"

पर्यावरणानं चौकटीकडं नीट बघितलं. "ते आम्हाला सिलॅबसला नव्हतं."

यंदा पावसाळा सरताना तो पुन्हा गेला. मीही बरोबर होतो. बांध दोन्हीकडनं नेहमीसारखा कोरलेला होता, पण सुतळीजवळ येऊन दोन्ही नांगर वळसा घालून गेले होते. मधे तेवढा एक चौकोन जाड राहिला होता, गुडघाभर गवताचा, वर एक चतुर बसलेला. त्यानं जाती लिहिल्या, तेरा भरल्या. काम झालं म्हणून खुंटी उपटायला वाकला, तर दोन्ही शेतांतनं एकदम हाक आली.

"ऱ्हाऊ दे की खुंट्या!"

"का?"

थोरल्यानं धाकट्याकडं बोट केलं, धाकट्यानं थोरल्याकडं. "काढल्यास तर ह्यो कोरंल."