काठावरचे दर्यावर्दी

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं वडीलधारी मंडळी सांगत आली. सांगताना ती स्वतः बहुधा काठावर, धोतर गुडघ्यापर्यंत उचलून उभी असत. त्यांना ठाऊक नसावं, पण पायाचा अंगठाही न भिजवता शिडाचं जहाज हाकायचं आणि शर्यत जिंकून चहाला घरी यायचं, असा एक खेळ जगात आहे. छोट्या शिडांच्या नौकांची शर्यत. हातातल्या रिमोटला दोन दांडे; एक सुकाणूचा, दुसरा शिडाची दोरी सैल-घट्ट करण्याचा. इंजिन नाही. वारा मात्र खराखुरा, आणि तो कोणाच्याही रिमोटला भीक घालत नाही.

एक मीटर लांबीच्या नौकांचा वर्ग यात फार लोकप्रिय आहे. वजन ४ किलोपेक्षा कमी चालत नाही आणि शिडांचे तीन संच बाळगता येतात. मंद वाऱ्याला मोठा, सोसाट्याला छोटा. रेडिओ येण्याआधी इंग्लंडात तळ्याच्या दोन्ही काठांनी माणसं हातात काठ्या घेऊन धावत आणि नाव किनाऱ्याला लागली की ढोसून परत पाठवत. म्हशी वळवण्याचा सराव असलेल्या आमच्या गावाला ही जुनी पद्धत अधिक मानवली असती.

आमची पाली राजगडाच्या पायथ्याशी आहे. इथं शिडाची गोष्ट काढली की लोक आधी कपाळाला हात लावून बघतात, ताप आहे का ते. समुद्र आणि आमच्यामध्ये अख्खा सह्याद्री आडवा पडलाय. पण जरा इतिहास काढा. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली, पुढं तिथल्या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात झाली, २५ नोव्हेंबर १६६४ ला मालवणात सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. या सगळ्या काळात राजधानी कुठं होती? आमच्या डोक्यावर! अंबारीसकट हत्ती आत यावा एवढा पाली दरवाजा, त्यातून आरमाराची फर्मानं खाली उतरली असणार. याला जगातला पहिला रिमोट म्हणायला माझी हरकत नाही. फक्त कळ दाबल्यावर जहाज वळायला दोन-चार दिवस लागत असतील. महाराज स्वतः मात्र नुसते काठावर राहिले नाहीत. १६६५ च्या फेब्रुवारीत ते मालवणहून जहाजानं थेट बसरूरवर गेले. काठावर राहण्याची परंपरा आमची, त्यांची नव्हे.

पुणे जिल्ह्याला डोंगरातल्या नौदलाचं वावडं तसंही नाही. लोणावळ्याच्या डोंगरात १९४५ पासून ‘आयएनएस शिवाजी’ आहे. एनसीसीच्या नौसैनिक शिबिरात जहाजांच्या प्रतिकृतींची स्पर्धा असते आणि हे शिबिर तिथंही भरलेलं आहे. गोव्यात साखळीच्या विठ्ठलापुरात तर त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत दिव्यांनी उजळलेल्या छोट्या नौका सोडतात. तिथली चढाओढ घडणीची आणि सजावटीची, पहिलं कोण पोचलं याची नाही. हे आपल्या स्वभावाला धरून आहे. देखावा आपला, वेग दुसऱ्याचा.

तेव्हा आमच्याकडे क्लबांच्या शर्यती का नकोत? पाणी आहे, इकडे गुंजवणीचं धरण, तिकडे भाटघरचा येसाजी कंक जलाशय. उन्हाळ्यात भाटघरचं पाणी उतरून कांबरेश्वराचं देऊळ वर येतं, तेव्हा शर्यत नको, नाव कळसाला अडकायची. क्लब म्हणाल तर गावोगाव तरुण मंडळं आहेतच. पालीचं विरुद्ध वेल्ह्याचं, सकाळी आठ वाजता. आठ म्हणजे पाहुणे साडेदहाला येणार. मग नारळ, हार, मनोगत. तोवर वारा पडलेला, आणि पडला नसला तरी तोरणा आणि राजगड यांच्या मधून येणारा वारा कुठून वळेल हे गडांनाच ठाऊक.

शिडावर खरं तर नंबर असतो. आमच्याकडे शीड फ्लेक्सचं होणार, म्हणजे त्यावर ‘भावी सरपंच’ फोटोसह आलेच. शर्यतीत समोरच्याला हाक मारायची ती शिडावरच्या नंबरानं. म्हणजे काठावरून ओरडा ऐकू येईल, ‘‘भावी सरपंच, वाट द्या!’’ आणि नियम मोडला, तर ज्यानं मोडला त्यानंच मुकाट्यानं पाण्यात एक पूर्ण गिरकी घ्यायची, हीच शिक्षा. भावी सरपंच भर धरणात स्वतःहून गिरकी घेतोय, हे बघायला सगळा तालुका लोटेल. तिकीट लावलं तर मंडळाचा वर्षाचा खर्च निघेल.

खरी अडचण वेगळीच आहे. शर्यत चालू असताना खेळणाऱ्याला काठावरून डावपेचाचा सल्ला द्यायचा नाही, असा या खेळात नियम आहे. तो वाचून मी नियमांचं पुस्तक मिटलं. सल्ला द्यायचा नाही, तर आमची माणसं काठावर येतील कशाला? ‘‘अरे डावीकडं घे’’, ‘‘शीड ढिलं सोड की’’, ‘‘नानाला दे रिमोट, तो ट्रॅक्टर चालवतो’’, एवढं तरी बोललंच पाहिजे. आणि पंचानं स्पीकरवरून हा नियम वाचायला घेतला, की तो कसा वाचायचा हे सांगायला चार जण माईकपाशी गेलेले असतील.