बिनखिशाच्या किल्टमध्ये कसं वागावं : नवशिक्यांसाठी सात धडे

स्कॉटलंडमधल्या मित्राच्या लग्नाचं आमंत्रण येतं. खाली 'हायलंड ड्रेस' अशी बारीक ओळ असते आणि मराठी माणूस हौसेहौसेने एडिनबरातल्या दुकानातून शनिवार-रविवारपुरता किल्ट भाड्याने आणतो. दुकानदार कमरेचं माप घेतो, गुडघे टेकायला लावून किल्टचा काठ जमिनीला जेमतेम लागतोय ना ते बघतो, पट्टे आणि बकलं कशी आवळायची ते दाखवतो. एक गोष्ट मात्र तो सांगत नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे असं त्याला वाटतच नाही. या कपड्याला खिसा नसतो. डावा नाही, उजवा नाही, मागचा तर नाहीच. पुढचे धडे त्या भाडेकरूसाठी.

धडा पहिला : आधी बूट, मग किल्ट

मोजे आणि बूट किल्टच्या आधी चढवावेत. बुटाला जीभ नसते आणि लांबलचक नाड्या घोट्याभोवती गुंडाळून बांधायच्या असतात. किल्ट नेसल्यावर हा उद्योग करायला वाकलात, तर मागे उभ्या असलेल्या वऱ्हाडाशी नको तितकी ओळख होते. किल्ट बेंबीच्या उंचीवर बांधायचा. जीन्ससारखा पोटाखाली बांधलात तर काठ पोटऱ्यांवर येतो आणि दुकानदाराचं माप वाया जातं. निऱ्या मागे, सपाट बाजू पुढे, वरच्या पदराची कड तुमच्या उजव्या हाताला. खाली कोपऱ्यात लावायची पिन फक्त वरच्या पदराला टोचावी. दोन्ही पदर एकत्र टोचलेत तर पहिल्या लांब ढांगेला कापड टरकतं आणि अनामत रक्कम जाते.

धडा दुसरा : हातांचं काय करायचं

खरा अभ्यासक्रम इथून सुरू होतो. किल्ट घालून कुणाशी बोलायला उभे राहा. तिसऱ्या वाक्याला उजवा हात आपसूक मांडीकडे जाईल, लोकरीवरून घसरेल, परत येईल आणि पुन्हा जाईल. मग डावा जाईल. आजवर आपण खिशात किल्ल्या, पाकीट आणि सुटे पैसे ठेवतो अशी आपली समजूत होती. खिशात आपण मुख्यतः हात ठेवत होतो. काय बोलावं हे सुचत नसलं, ओळख अर्धवट असली, फोटोग्राफर 'सहज उभे राहा' म्हणाला, की खिसा कामाला यायचा.

नवशिक्याने हात मागे बांधावेत. पाठ ताठ होते, खांदे मागे जातात आणि माणूस काहीतरी विचार करतोय असं दिसतं. एका हातात पेला धरणं हा दुसरा उपाय. तो रिकामा झाला तरी सोडू नये. तिसरा उपाय राजघराण्याचा. ब्रेमारच्या हायलंड खेळांना राजे चार्ल्स किल्टमध्ये येतात तेव्हा त्यांच्या हातात बरेचदा उंच काठी असते. पाहुण्याने लग्नात काठी नेली तर लोक गुडघ्यांची चौकशी करतील, तेव्हा पेलाच बरा.

धडा तिसरा : स्पोरन

'खिसा नाही कसा, पुढे ही पिशवी आहे की!' असं तुम्ही म्हणाल. ती पिशवी म्हणजे स्पोरन. साखळी आणि चामडी पट्ट्याने ती कमरेभोवती बांधतात आणि पट्ट्याच्या बकलाखाली साधारण चार बोटं ती लोंबते. तिच्यामागे इतिहास आहे. जुना हायलंडर प्लेड नावाचं एकच लांबरुंद लोकरी कापड अंगाभोवती गुंडाळून वर पट्टा आवळायचा आणि वरच्या भागाच्या घोळात शिधा, सामानसुमान खोवायचा. अठराव्या शतकात वरचा भाग गेला, खालचा तेवढा किल्ट म्हणून उरला. 1746 च्या कायद्याने या पोशाखावर बंदी आली, ती 1782 मध्ये उठली. 1822 मध्ये चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने आखलेल्या सोहळ्यात खुद्द राजाच किल्ट घालून मिरवला आणि बंदी आलेला पोशाख दरबारी झाला. या सगळ्या धामधुमीत वरचा घोळ गेला तो गेलाच. उरली ही पिशवी.

आता हिचा वापर. समारंभी स्पोरन बाहेरून फरचा, चांदीच्या घडणीचा आणि आतून चिंचोळा असतो. मोठा फोन त्यात आडवा जात नाही, उभा घातला तर झाकण लागत नाही. कसाबसा कोंबलात आणि चर्चमध्ये तो वाजला, तर पुढचा प्रकार असा होतो : हात उजव्या मांडीवर थाप मारतो, मग डाव्या, मग मागे. मग आठवण होते. मग मान खाली घालून माणूस स्वतःच्या दोन मांड्यांच्या मधोमध, फरच्या आत, दोन्ही हातांनी चाचपडू लागतो. शेजारची आजीबाई हळूच दुसरीकडे पाहते. म्हणून नियम एकच. फोन मुका करावा, आणि स्पोरन उघडायचा झाला तर भिंतीकडे तोंड करून उघडावा. आत एक कार्ड, एक किल्ली, एक रुमाल. जास्त भरलात तर तो खाली ओघळतो आणि प्रत्येक पावलाला आपटून हजेरी लावतो.

मोज्यात फोन खोचू नये. मोज्याची जागा छोट्या सुरीची आहे. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून स्कॉटलंडच्या कायद्यात तिला सवलत आहे. भाड्याच्या पोशाखातली बऱ्याचदा नकलीच असते, तरी विमानाच्या केबिनमध्ये नेऊन कुणाची परीक्षा पाहू नये.

धडा चौथा : बसणं

उभं राहून हाताचा पंजा मागे न्यावा, कमरेपासून खाली निऱ्यांवरून सरळ फिरवावा आणि त्याच झटक्यात बसावं. हे विसरलात तर निऱ्यांचा बोळा होतो आणि उघड्या मांडीला दगडी बाक लागतो. स्कॉटलंडमधला दगडी बाक जुलैतही गार असतो. बसल्यावर गुडघे जवळ. स्पोरन मध्ये पडतो आणि पुढचा पदर दाबून धरतो. एका गुडघ्यावर दुसऱ्या पायाचा घोटा टाकून ऐसपैस बसायची सवय तिथेच सोडावी. गाडीतून उतरताना दोन्ही पाय एकदम बाहेर काढावेत.

धडा पाचवा : जिना आणि वारा

घाबरू नका. पुरा किल्ट आठ वारी, म्हणजे सात मीटरहून अधिक लोकरी कापडाचा असतो. मागे निऱ्यांचं वजन, पुढे स्पोरनचं. साध्या झुळकीला तो दाद देत नाही. पण एडिनबराच्या स्टेशनातून प्रिन्सेस स्ट्रीटला चढणाऱ्या वेव्हरली स्टेप्सवरचा वारा साधा नव्हे. तिथे एक हात मागे ठेवावा आणि दुसऱ्याने कठडा धरावा. आत काय घालावं हा प्रश्न या जिन्यावर चर्चेचा राहत नाही. शिवाय किल्ट भाड्याचा आहे, हेही लक्षात असू द्यावं.

धडा सहावा : नाच

रात्री 'केली' होते, म्हणजे फिडल-अकॉर्डियनच्या तालावरचा सामूहिक नाच. स्पोरन कमरेच्या एका बाजूला सरकवून घ्यावा, नाहीतर तो आधी तुम्हाला लागतो, मग जोडीदाराला. 'स्ट्रिप द विलो'मध्ये रांगेतला प्रत्येकजण तुमचा हात धरून तुम्हाला गरकन फिरवतो. दिवसभरात एवढाच वेळ असा असतो, की दोन्ही हातांना काम असतं आणि खिशाची आठवणही होत नाही.

धडा सातवा : पत्नीसोबत असाल तर

एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल, की सकाळपासून ती तुमच्याकडे काहीतरी द्यायला हात पुढे करते आणि मग मागे घेते. फोन, खोलीचं कार्ड, लिपस्टिक, दोघांचे पासपोर्ट. 'जरा ठेव ना तुझ्या खिशात' हे वाक्य आज चालत नाही. साडीला खिसा नाही, किल्टलाही नाही. आपले आजोबा धोतराच्या कनवटीला पैसे लावत, आजी कमरेला बटवा खोचत असे. आपण मात्र तिच्यावर पर्स सोपवली, स्वतः पँटला चार खिसे घेतले आणि वर 'किती सामान घेतेस' असं विचारत राहिलो.

सोमवारी किल्ट परत करताना स्पोरन उघडून पाहा, किल्ली आतच राहिलेली असते. आणि घरी आल्यावर शिंप्याकडे जाणं झालंच, तर तिच्या नव्या कुर्त्याला दोन खिसे लावायला सांगा. खोल, हात मावेल एवढे. कापड वीतभरच जास्त लागतं.