लाल दिव्याचा रुबाब

मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे 1 मे 2017 पासून उतरले. उतरवलेले दिवे गेले कुठे, हे ज्यांना अजून कळलेले नाही त्यांनी मराठीत एक वेबसाइट काढावी आणि तिला एखादे ‘एसईओ’चे, म्हणजे साइट गूगलवर दिसावी म्हणून मजकूर तपासणारे, साधन जोडावे. सगळे दिवे तिथे सापडतील. रुबाबही तोच. दिवा लागला की मालकाने हातातले काम टाकून रस्त्याच्या कडेला उभे राहायचे.

देवगडच्या एका बागायतदारांचेच घ्या. (नाव सांगत नाही. मोसमाच्या तोंडावर त्यांच्याशी वैर परवडणारे नाही.) वाशीच्या दलालाची कटकट नको म्हणून त्यांनी हापूस थेट घरपोच पाठवायची वेबसाइट काढली. मजकूर स्वतः लिहिला. आढी कशी लावतात, साका बाहेरून का ओळखता येत नाही, पेटी घरी आल्यावर आंबे कसे मांडून ठेवावेत. वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे असे सगळे. साधनाला मात्र काही सुटले नाही. ‘मुख्य शब्द हापूस आंबा मजकुरात आढळला नाही.’ लाल दिवा!

मजकुरात दुसरे होते काय? हापूस आंब्याची पेटी होती, हापूस आंब्याला आलेला मोहोर होता, हापूस आंब्यातला साका होता. पण साधन अक्षराला अक्षर लावून बघते. इंग्रजीसारख्या मोजक्या भाषांतली शब्दांची रूपे ओळखायची सोय त्यात केलेली असते. मराठी त्या पंगतीत नाही. नाही तर नाही. ‘मला मराठी येत नाही’ असे म्हणून ते गप्प बसले असते तर आपण त्याला घरचा समजून पन्हे दिले असते. ते गप्प बसत नाही. न येणाऱ्या भाषेचे पेपर तपासते आणि शून्य मार्क देते.

मग पुण्यात शिकणारा पुतण्या मदतीला धावला. रातोरात मजकूर ‘सुधारला’. ‘हापूस आंबा ची पेटी मागवा. हापूस आंबा ला सुगंध असतो. हापूस आंबा मध्ये साका निघाल्यास हापूस आंबा बदलून मिळेल.’ दिवा हिरवा झाला. दुसऱ्या दिवशी दादरहून एका बाईंचा फोन आला, “अहो, ही साइट खरी आहे ना? मराठी वाचून पैसे पाठवायचा धीर होत नाही.” बाईंचे काही चुकले नाही. असले मराठी आपण एरवी लॉटरी लागल्याच्या मेसेजमध्येच वाचतो. शिवाय एकच शब्द कोंबकोंब कोंबणे हे गूगलच्या नियमांत स्पॅममध्ये मोडते, म्हणजे दिवा हिरवा होतो तो नेमका खड्ड्याच्या दिशेने.

पुढचा दिवा पत्त्याचा. ‘देवगड-हापूस-आंबा-घरपोच’ एवढासा पत्ता, त्यावर शेरा ‘फार लांब’. कारण असे, की पत्त्यात देवनागरी चिन्ह आले की त्याचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याची खूण लावून तीन रोमन अक्षरांत लिहिला जातो. एका चिन्हाची नऊ अक्षरे! कानामात्राही सुटत नाहीत. या चार शब्दांत चिन्हे 19, मधल्या रेघा 3. साधन मोजते 174. ब्राउझरमध्ये पत्ता मराठीतच दिसतो आणि गूगललाही तो चालतो. खरी अडचण एवढीच, की साइट बांधायला वापरतात ते वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला 200 अक्षरांवर कात्री लावते; म्हणजे साधारण 22 चिन्हांनंतर आपला मथळा अर्ध्यात तुटतो. यावर इलाज आहे, पत्ता हाताने छोटा करावा. पण साधन हे सांगत नाही. ते फक्त दिवा लावते.

‘वाचनसुलभता’ नावाचा प्रकार त्याहून थोर. त्यामागचे प्रसिद्ध सूत्र रुडॉल्फ फ्लेश यांनी 1948 मध्ये इंग्रजीसाठी मांडले. वाक्यात शब्द किती आणि शब्दात उच्चारखंड किती, यावरून मजकूर सोपा की अवघड ते ठरते. आमच्याकडे ‘आंब्यांविषयीसुद्धा’ हा एकच शब्द. या मापाने अख्खे कोकण क्लिष्ट ठरेल.

कुरिअरच्या दरांचे पान तीन ओळींचे होते. मुंबईला किती, पुण्याला किती, पेटी फुटली तर काय. साधन म्हणाले, 300 शब्द हवेत. त्यामुळे आता पुण्याचा दर बघायला गेलेल्या माणसाला आधी पोर्तुगीज भेटतात, मग कलमांचा इतिहास, आणि दर कुठेतरी तळाशी.

यातली मौज पुढे आहे. ज्या गूगलच्या नावाने हा सगळा धाक, त्याच्याच नवशिक्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत ‘यांच्या मागे लागू नका’ अशी यादी दिलेली आहे. तिच्यात काय आहे? मेटा कीवर्ड (ते आपण वापरत नाही हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केले), मजकुराची किमान लांबी, मथळ्यांची संख्या आणि क्रम, पत्त्यात कोंबलेले शब्द. म्हणजे धन्याने जे सोडून द्यायला सांगितले, त्याचीच वसुली हे कारकून करत बसले आहेत.

आणि कधीकधी तर साधन आपल्या घरात आलेलेच नसते. बागायतदारांच्या साइटवर सुरक्षेसाठी ‘तुम्ही माणूस आहात ना?’ असे विचारणारा पहारा बसवला होता. साधनाच्या यंत्राला त्याने दारातच अडवले. यंत्राने त्या अडवणाऱ्या पानाचीच तपासणी केली आणि अहवाल दिला: मजकूर अपुरा, वर्णन नाही, चित्रे नाहीत, आंब्याचा उल्लेख नाही. त्या अहवालासोबत एका एजन्सीचे पत्रही आले. तपासणी मोफत, दुरुस्ती मात्र दरमहा.

इतके होऊनही गूगलवर साइट दिसेना. कारण साधनाच्या नेहमीच्या अहवालातच होते. ‘मेटा कीवर्ड नाहीत’ आणि ‘कोडच्या मानाने मजकूर कमी’ या दोन निरुपद्रवी तक्रारींच्या मध्ये, त्याच लाल रंगात, त्याच आकारात एक ओळ होती: ‘नोइंडेक्स आढळला’. म्हणजे हे पान नोंदवू नका, असे साइट स्वतःच गूगलला हात जोडून सांगत होती. साइट बांधताना कुणीतरी ती खूण केली होती आणि काम संपल्यावर काढायची राहिली. हा एकच दिवा लागला असता तर कुणीही धावला असता. पण जिथे सगळ्यांनाच लाल दिवा, तिथे रुग्णवाहिका कुठली आणि सभापतींची गाडी कुठली, ओळखायचे कसे? चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यातही एक शिस्त असते. इथे चोर आणि पन्नास संन्यासी एकाच रांगेत, आणि चोराचा नंबर अधलामधला.

तेव्हा वेबसाइटवाल्या बंधुभगिनींनो, दिवा लागला की धावू नका. आधी पानाचा सोर्स उघडा आणि जे ‘नाही’ म्हणून सांगितले आहे ते खरेच नाही का, ते डोळ्यांनी बघा. दुरुस्ती करूनही दिवा जात नसेल तर कॅशे साफ करा आणि अहवालाची तारीख बघा. तो गेल्या आठवड्याचा असू शकतो. गूगलला काय दिसते हे गूगललाच विचारा. सर्च कन्सोलमध्ये पत्ता टाकून थेट तपासणी होते, फुकट. तिथूनही ‘रीडायरेक्ट असलेले पान’ अशी ईमेल आली म्हणून घाबरू नका. जुना पत्ता नव्याकडे वळवला असेल तर ते तसेच दिसायला हवे. आणि वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंगच्या पानावर, तळाशी, सर्च इंजिनांना परावृत्त करणारी एक चौकट आहे. तिच्यात खूण असेल तर आज काढा. एजन्सीला पैसे द्यायचे की नाही, ते त्यानंतर ठरवा.