काका, पट्टा लावा!

समोरून बसणाऱ्या धडकेचा विचार पुण्यात सर्वप्रथम शनिवार पेठेने केला. 1732 साली वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला जे अणकुचीदार खिळे ठोकले आहेत, ते त्या काळचे पाच तारे. हत्ती काही आला नाही. 30 ऑगस्ट 1773 ला आले ते पदरचेच गारदी, आणि त्यांच्यामागे पेशव्यांचे सख्खे काका.

धोका आतूनही येतो, हा बोध पेठेने अजून घेतलेला नाही. परवा आमच्या वाड्यात पुतण्याच्या गाडीखरेदीची बैठक भरली, तेव्हा ते पुन्हा सिद्ध झालं. ठरलं ‘फॅमिली क्रॉसओव्हर’ घ्यायचं. म्हणजे नाव एसयूव्हीचं, उंची एसयूव्हीची आणि लांबी मात्र कर वाचावा म्हणून चार मीटरच्या आत. तीन पिढ्या, सहा माणसं, पाच सीट.

शोरूममध्ये काकांनी दारावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि निकाल दिला, “पत्रा पातळ आहे.” विक्रेत्याने समजावलं की बॉनेटकडचा भाग चुरगळावा असाच बनवतात, तो चुरगळला नाही तर धक्का आतल्या माणसापर्यंत पोचतो. काका म्हणाले, “आमची जुनी फियाट नाही कधी चुरगळली!” फियाट कधी कशाला धडकलीच नव्हती, हे काकूंनी घरी आल्यावर सांगितलं.

मग तारे. 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप सुरू झालं. गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर अर्धवट बाजूने आदळवायची, आत बाहुले बसवायचे आणि त्यांना किती लागलं त्यावर तारे द्यायचे. पहिले पाच तारे हॅरियर आणि सफारीला मिळाले, आणि प्रमाणपत्र देणारी सीआयआरटी ही संस्था आपल्या भोसरीतली. एवढं ऐकल्यावर काकांना हा सगळा कार्यक्रम घरचाच वाटू लागला. फक्त एक गोष्ट त्यांनी कानाआड केली. त्या बाहुल्यांनी पट्टे लावलेले असतात. बाहुले निमूटपणे बसतात, त्यांना पोटावर आवळल्यासारखं होत नाही आणि “एवढ्या अप्पा बळवंत चौकापर्यंत कशाला?” असंही ते विचारत नाहीत.

एअरबॅगा सहा मिळाल्या. त्यांतल्या समोरच्या एकीच्या झाकणावर, अक्षरं झाकली जातील असा, दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर पितळी गणपती बसला. एअरबॅग फुटलीच तर बाप्पा कोणत्या वेगाने कोणाच्या कपाळावर प्रसन्न होतील, याचा हिशेब कोणी केला नाही. बाजूच्या दोघींवर रेक्झिनची जाड सीटकव्हरं चढली. शिलाई इतकी पक्की की आतून काही बाहेर येणं नाही. नातवाची छोटी सीट अडकवायला आयसोफिक्सचे हुक आहेत, पण नातू पुढच्या सीटवर आजीच्या मांडीत. “आजीच्या हातापेक्षा घट्ट पट्टा असतो का?” असतो. धडकेच्या एका झटक्यात दहा किलोचं पोर कोणत्याही आजीला पेलत नाही.

पर्यायही निघाले. कसबा पेठेचं मेट्रो स्टेशन चालत जाण्याजोगं आहे, पण मेट्रोला हार घालून पेढे वाटता येत नाहीत. गाडी ठेवायची कुठे, हे कोणी विचारलंच नाही. सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला, आणि दोन्हीकडे जागा नसेल तर नदीपात्रात. खडकवासल्यातून पाणी सोडलं की तिथे काय होतं, याला अजून कोणी तारे दिलेले नाहीत.

आता मागची सीट. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर, पट्ट्याविना. पुढे आठवडाभर देश पट्ट्यांवर बोलला. मे 2023 मध्ये तर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पट्ट्याची पिपाणी बंद करणाऱ्या खोट्या क्लिपा ऑनलाइन दुकानांतून काढायला लावाव्या लागल्या. गाडी जीव वाचवायला ओरडते आणि आम्ही पैसे मोजून तिचं तोंड बंद करतो. शिवाय मागचा बिनपट्ट्याचा माणूस धडकेत एकटा जात नाही. सगळं वजन घेऊन तो पुढच्याच्या पाठीवर येतो. आणि पुतण्याच्या बरोबर मागे बसतात काका.

पुतण्याने हात जोडले, “काका, पट्टा लावा.” काकांनी ऐकलं नाही. शेवटी त्याने कायदा काढला. कलम 194-ब, हजार रुपये दंड. हजार म्हटल्यावर काकांचा हात पट्ट्याकडे गेला, क्षणभर थांबला.

“दंड कोणाला?”

“गाडी चालवणाऱ्याला.”

काकांनी पट्टा सोडून दिला आणि नीट रेलून बसले. “चल, घे गाडी.”