दोन माणसं, अठरा इंच

घरातली माणसं मोजायची कशी, यावर माझं आणि बायकोचं लग्नापासून एकमत झालेलं नाही. तिच्या हिशेबाने आम्ही दोघं. माझ्या हिशेबाने आम्ही दोघं, अधिक मे महिन्यातले पाहुणे, अधिक गणपतीला उतरणारे मुंबईकर, अधिक ज्यांना 'या एकदा रत्नागिरीला' असं मी कुठे ना कुठे म्हणून बसलेलो असतो ते सगळे. माळ्यावरचे टोप आणि पराती माझ्या बाजूने साक्ष देतात. वर्षातून एकदा का होईना, ती भांडी खाली येतात. म्हणून सिरॅमिकची कोळशाची भट्टी घ्यायचं ठरलं, तेव्हा मापाचं खातं मी माझ्याकडे ठेवलं.

ही भट्टी मूळ जपानची. तिकडच्या मातीच्या कामाडो चुली दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी घरी नेल्या, आणि १९७४ साली एड फिशर यांनी अटलांटात 'बिग ग्रीन एग' सुरू केल्यावर तिकडच्या परसांत त्यांचं चांगलंच बस्तान बसलं. जाड भिंत, जड झाकण, खाली एक झडप, वर एक. हवा सोडाल तसा निखारा फुलतो. दोन्ही झडपा मिटल्या की विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला चालतो. पेटवायला रॉकेल मात्र वर्ज्य, कारण वास भिंतीत मुरतो. एवढं सगळं मी पाठ केलं होतं. पाठांतरात मी पहिल्यापासून हुशार.

मापं जाळीच्या व्यासावर चालतात. दोघांना १३ इंची पुरते, असं जाणकार सांगतात. मी वही काढून बायकोला दाखवलं की १३ वरून १८ वर गेलं तर व्यास वाढतो पाचच इंच, पण क्षेत्रफळ १३३ चौरस इंचांवरून २५४ वर जातं. जवळजवळ दुप्पट जाळी!

"आणि बांगडे?" तिने विचारलं.

भूमितीशी संबंध नसलेल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

अठरा इंची भट्टीचं वजन सत्तर किलोच्या पुढे असतं, हे वहीत नव्हतं. आमचं घर रस्त्यापासून पाखाडी उतरून. जांभ्याच्या पायऱ्या, त्यावर शेवाळ. चार हमालांनी ती वाशांना बांधून खांद्यावर घेतली, आणि पाय सावरताना ते असे काही डुलायला लागले की शिमग्याची पालखीच उतरतेय म्हणावं. वळणावरच्या काकू खरोखरच नारळ घेऊन दारात आल्या. भट्टी बघून त्यांनी नारळ परत आत नेला. पडवीत ती ठेवायची तर वॉशिंग मशीन हलवावं लागलं. ते आता न्हाणीघरात आहे आणि आम्ही त्याला वळसा घालून आंघोळीला जातो.

पहिल्या दिवशी मिरकरवाड्याला बांगडे आणायला गेलो. "दोनच?" कोळीणबाई म्हणाली. मी सांगितलं, आमची भट्टी मोठी आहे. तिने माझ्याकडे बघत तिसरा बांगडा फुकट घातला.

जाड भिंत तापायला अर्धा तास तरी हवा, हे खरं. पण एकदा तापली की निवायचं नाव घेत नाही, ही त्या सिरॅमिकची मोठी थोरवी. तेवढीच ती अडचणीचीही आहे. तापमानाचा काटा पुढे गेला, मी झडपा मिटल्या. काटा हलेना. तोवर स्वयंपाकघरातून तव्यावरच्या बांगड्याचा वास यायला लागला होता; बायकोने तिसरा परस्पर तळायला घेतला होता. घाईघाईने मी झाकण सपकन उचललं. आत हवेसाठी आसुसलेल्या निखाऱ्याला एकदम वारा मिळाला की भडका उडतो. झाकण आधी बोटभर उचलून थोडं थांबायचं असतं. हेही मला पाठ होतं. मिशीची डावी बाजू गेली. उजवी मी प्रमाणासाठी उतरवली.

बांगडे म्हणाल तर जाळीला धरून बसले. जाळीला तेल लावा किंवा मासा केळीच्या पानात गुंडाळा, तर कातडं सुटतं. मी दोन्ही केलं नव्हतं. जाळीच्या मधोमध दोन बांगडे आणि चहूबाजूंना नुसता कोळसा जळतोय, हे दृश्य बायकोने मोबाइलवर टिपून माहेरच्या ग्रुपवर टाकलं.

मी पाहुण्यांच्या भरवशावर होतो. पण जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. मग श्रावण. मग गणपतीला घर माणसांनी भरलं, झोपायला जागा उरली नाही, आणि घरात कांदासुद्धा चिरला जात नव्हता. पावसाळाभर भट्टीचा उपयोग एकच झाला: दुपारी थोडा कोळसा पेटवून विझवला की रात्रीपर्यंत आत ऊब राहते, त्यात बायकोने दमट पापड ठेवले. फार कुरकुरीत झाले. तिने मला ते मुद्दाम वाढले.

मे महिन्यात मुंबईकर आले. मी आंब्याच्या काटक्या धुरासाठी भिजत घातल्या, कोळसा रचला. "मामा, हे तर आमच्याकडे रिसॉर्टला पण असतं," भाची म्हणाली. "मामी, चुलीवरची भाकरी आणि तिखलं कर ना." सगळे मागच्या खोपीत चुलीभोवती जाऊन बसले. मीही गेलो. भाकरी गरम होती.

आता मी पुन्हा वही काढली आहे. मोठी भट्टी पाहुण्यांची, हे ठरलंच. तर रोजच्यासाठी एक छोटी लागणार. १३ इंची, दोघांपुरती, तीन बांगड्यांची. बायकोला सांगितलं. ती भांडी पुसत होती, हात थांबला नाही.

"घ्या की. मोठीच्या आत मावते का, तेवढं बघून घ्या."